बाणकोटची जीप आणि महाबळेश्वरची थंडी

आमच्या बाणकोटजवळ सावित्री नदी समुद्राला मिळते. इथे तिला कोणी नदी म्हणत नाही, खाडीच म्हणतात. वेसवीच्या धक्क्यावरून पलीकडच्या बागमांडल्याला जायला फेरीबोट आहे. माणसे, मोटारी, आंब्याच्या पेट्या, सगळे तिच्यावरूनच खाडी ओलांडते. वर टेकडीवर जुना किल्ला उभा आहे. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. किल्ल्यावरून पाहिले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगरांत शिरत जाणारी खाडी दिसते. ती पुढे कुठे जाते, ते मात्र दिसत नाही.

माझे अब्बा तीस वर्षे जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांप्रमाणे आमच्या घरालाही रोजी समुद्रानेच दिली. सुएझ, सिंगापूर, हॅम्बर्ग पाहून आलेल्या या माणसाने दारातल्या पाण्याचा उगम मात्र पाहिला नव्हता. "एकदा महाबळेश्वरला जाऊ, आपली खाडी कुठे जन्मते ते बघू," असे ते दरवर्षी म्हणायचे. आणि दरवर्षी कधी आंब्याचा मोसम, कधी पाऊस, कधी कुणाचे आजारपण आडवे यायचे.

तो योग २०१८ च्या डिसेंबरात आला. माझे थोरले भाऊ अल्लाहला प्यारे झाल्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांची मुलगी साताऱ्याला तिच्या आजोळी वाढली. तिचा निकाह साताऱ्यात ठरला. वडिलांच्या पश्चात वली म्हणून आजोबांनी, म्हणजे अब्बांनी, बसायचे होते. निकाह सकाळी अकराला होता. बाकीचे नातेवाईक त्याच दिवशी पहाटे परस्पर निघणार होते. अब्बा म्हणाले, "आपण आदल्या दिवशी निघू. महाबळेश्वरला मुक्काम करू. पोतीचा निकाहही होईल आणि सावित्रीचा उगमही बघून होईल."

"गाडी कुठली नेऊ या?" मी विचारले.

"आपली जीप दाराशी असताना हे काय विचारतोस?"

मला नेमकी हीच भीती होती.

आमची जीप म्हणजे १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४०. आत प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन. अब्बांनी जहाज सोडल्यावर १९९८ मध्ये ती जुनी विकत घेतली. पावसाळ्यात जांभ्याच्या निसरड्या चढावर चारही चाकांना जोर देणारी ही गाडी आमच्या वाडीची रुग्णवाहिकाही होती आणि मालवाहूही. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी पुन्हा करावी लागते. पुढचे पासिंग २०१९ मध्ये होते. त्याआधीच ती विकायची असे मी मनाशी ठरवले होते. खेडचा एक गिऱ्हाईक तयारही होता.

विकण्याचे कारण एकच. त्या पावसाळ्यापासून जीप सुरू व्हायला फार त्रास देऊ लागली होती. चावी फिरवली की सेल्फ जड आवाजात घर्र... घर्र... करायचा, दम लागल्यासारखा थांबायचा, पुन्हा एकदा घर्र... आणि मग कधी इंजिन सुरू व्हायचे, कधी नाही. मी नवी बॅटरी आणली. सेल्फ उतरवून त्याचे कार्बन आणि बुश बदलून घेतले. हीटर प्लग नवे टाकले. डिझेल फिल्टर बदलला. सगळे मिळून बारा-तेरा हजार रुपये गेले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा तेच. शेवटी आम्ही तिची सवय करून घेतली. मशिदीजवळच्या उतारावर गाडी लावायची आणि सकाळी मुलांना हाक मारून धक्का मारायचा. गावातल्या मुलांना त्यात मोठी मौज वाटायची.

*

आदल्या दिवशी सकाळी आम्ही पाच जण निघालो. अब्बा, अम्मी, माझी पत्नी, नववीतला मुलगा आणि मी. अम्मीच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली एक छोटी पेटी होती. त्यात पोतीसाठी जपलेल्या बांगड्या होत्या. मंडणगडवरून म्हाप्रळला उतरलो आणि पुलावरून सावित्री ओलांडून आंबेतला आलो. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे हे गाव. १९८० ते १९८२ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अब्बांच्या पिढीला इथून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी करावासा वाटतो. पुढे गोरेगाव, लोणेरे आणि मग महामार्गाने महाड.

महाड सोडल्यावर सावित्री पुन्हा आडवी येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. त्यानंतर बरेच दिवस खाली आमच्या खाडीपर्यंत शोध चालला होता. नव्या पुलावरून जाताना अम्मीने नेहमीप्रमाणे दुआसाठी हात उचलले. आम्ही कोणी बोललो नाही.

पोलादपूरला चहासाठी थांबलो. मी इंजिन चालूच ठेवले. चहावाल्याने दोनदा जीपकडे पाहिले. अब्बाही पाहत होते, पण बोलले नाहीत. डिझेल जळत होते, धूर होत होता आणि मी घाईघाईने चहा संपवत होतो. सेल्फवर भरवसा नसलेल्या माणसाचा प्रवास असाच असतो. जेवण कुठे करायचे, फोटो कुठे काढायचा, लघवीला कुठे थांबायचे, हे सगळे उतार पाहून ठरते.

पोलादपूरपासून आंबेनळी घाट चढू लागतो. समुद्रसपाटीजवळच्या उकाड्यातून सुमारे १,३७० मीटर उंचीवर नेणारा हा रस्ता आहे. जीप दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढत होती. चढावर तिची काही तक्रार नव्हती. खाली दरीत कोकण निळसर होत गेले, झाडी दाट झाली, प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि उघड्या बाजूंनी थंड वारा आत येऊ लागला. मुलगा म्हणाला, "दादाजान, सकाळी आपण घामाने भिजलो होतो ना?" अब्बांनी शाल काढली.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वरला पोहोचलो. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी एकत्र येऊन गोमुखातून पडते, अशी लोकांची श्रद्धा आहे. आम्ही बाहेर थांबून पायऱ्यांवरची गर्दी पाहिली आणि पुढे आर्थर सीटला गेलो. तिथल्या कड्यावरून खाली सावित्रीची दरी दिसते. या पाचांतल्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा घाटावर जातात. सावित्री मात्र कडा उतरून आपल्या कोकणात येते.

अब्बा कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. खोल दरीत उन्हात चमकणारी पाण्याची एक बारीक रेघ होती.

"एवढीशी?" ते म्हणाले. "आणि आपल्याकडे हिला ओलांडायला बोट लागते."

परत येऊन मी जीपची चावी फिरवली. इंजिन गरम होते म्हणून दोन घर्रमध्ये सुरू झाले. संध्याकाळी गावात लॉज मिळाला. अंगण छान होते, फरसबंद होते आणि अगदी सपाट होते. उतार कुठेच नव्हता.

*

पहाटे वुजूचे पाणी बोटांना चावत होते. लॉजवाल्याने सांगितले की वेण्णा तलावाकडे गवतावर दव गोठले आहे. फजरची नमाज झाली, सामान चढले, अम्मी पेटी घेऊन मागे बसली. साडेसहा वाजले होते. मेढ्यावरून साताऱ्याला पोहोचायला दोन तास धरले होते.

हीटरवर चावी धरून वीस मोजले आणि सेल्फ मारला.

घर्र... घर्र... टक.

पुन्हा मोजले, पुन्हा मारला. मागून थोडा पांढरा धूर आला आणि सगळे थंड. तिसऱ्यांदा चावीला हात घालणार तोच अब्बांनी माझे मनगट धरले.

"बस कर. आता बॅटरीही हातची घालवशील."

"अब्बा, टॅक्सी बोलावतो. निकाहला तुम्ही नसलात तर..."

"साडेसातला टॅक्सी बोलाव. तोपर्यंत एक तास आहे. एका तासात जहाजाचं इंजिन सुरू केलंय आम्ही." मग खाली उतरून त्यांनी शांतपणे विचारले, "हे दुखणं कधीपासूनचं?"

"पावसाळ्यापासून."

"त्याच्या आधी गाडीला काय केलं होतंस?"

"काही नाही."

"नीट आठव. मी त्यानंतर काय बदललंस ते विचारत नाही. दुखणं सुरू होण्याच्या आधी गाडीला शेवटचा हात कधी लावलास, आणि काय केलंस?"

मला आठवेना. अब्बा म्हणाले, "बरं. मग गाडीलाच विचारू."

त्या तासाभरात त्यांनी जे केले, ते मी इथे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशी एखादी जुनी जीप, टेम्पो किंवा पिकअप असते आणि अनेकांनी माझ्यासारखेच अंदाजाने पैसे घातलेले असतात.

आधी त्यांनी गिअर न्यूट्रल आहे ना ते पाहिले, हँडब्रेक ओढायला लावला आणि चाकांखाली दोन दगड ठेवले. मग म्हणाले, "गाडी सुरू होत नाही, हे वाक्य अर्धं आहे. इंजिन नीट फिरतंय पण पेट घेत नाही, की मुळात नीट फिरतच नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत."

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा ठिणगी देणारा प्लग नसतो. आतली हवा वीस पटींच्या आसपास दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पण त्यासाठी इंजिन जोरात फिरले पाहिजे. हळू फिरले तर दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटते आणि थंड लोखंड तिची ऊब पिऊन टाकते. हीटर प्लग थंड इंजिनाला थोडी मदत करतात, पण हळू फिरणाऱ्या इंजिनाला तेही वाचवू शकत नाहीत. आमचे इंजिन हळू फिरत होते. म्हणजे दुखणे पहिल्या जातीचे नव्हते, दुसऱ्या जातीचे होते.

"पांढरा धूर आला ना? म्हणजे डिझेल आत पोहोचतंय, फक्त जळत नाही. धूरच आला नसता तर डिझेलची लाइन बघितली असती. आता फिल्टर, पंप सगळं विसर."

मग त्यांनी हेडलाइट लावायला सांगितले. अजून झुंजूमुंजू होते आणि समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोळे पडले. "आता एकदाच, तीन सेकंद सेल्फ मार." मी मारला. इंजिन कण्हले, पण भिंतीवरचा उजेड जेमतेम हलला.

अब्बा हसले. "बॅटरी मेलेली असती तर दिवे विझायला आले असते. दिवे लख्ख आणि सेल्फ मात्र उपाशी. म्हणजे बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. वाटेत कुणीतरी अडवतंय."

माझ्या मुलाच्या दप्तरात शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला मीटर होता. स्वस्तातलाच, पण कामाचा. तो व्होल्टवर ठेवून त्याने बॅटरीच्या दोन टोकांना लावला. १२.५ आले. सेल्फ मारताना ११.४. "बघ, बॅटरी उभी आहे," अब्बा म्हणाले. "आता एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लाव आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ही दोन ठिकाणं तारेने जोडलेली आहेत, त्यामुळे सेल्फ मारताना मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं."

मी चावी फिरवली. मुलगा ओरडला, "दोन पॉइंट नऊ!"

बारा व्होल्टमधले जवळजवळ तीन व्होल्ट बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनापर्यंतच्या वाटेतच नाहीसे होत होते. एव्हाना अब्बांचा हात बोनेटखाली काहीतरी चाचपत होता. इंजिन बंद करण्यासाठी डॅशबोर्डावरून ओढायची जी बारीक तार असते, तिच्यावर त्यांनी माझे बोट ठेवले. त्या गारठ्यात ती तार कोमट होती.

"इंजिन रबरावर बसलेलं असतं," ते म्हणाले. "सेल्फने खाल्लेली वीज बॅटरीकडे परत जायला एक जाड अर्थिंगची पट्टी असते, गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत. ती वाट बंद झाली की वीज मिळेल त्या चोरवाटेने जाते. या तारेतून जातेय, म्हणून ही तापली. पट्टी कुठे आहे आपली?"

"खाली, चेसिसला," असे म्हणता म्हणता मला आठवले.

मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मी आणि मुलाने सुट्टीत जीपची चेसिस घासून रंगवली होती. खाडीचे वारे आणि फेरीबोटीवर उडणारे खारे पाणी यांनी लोखंड खाऊ नये म्हणून. आधी रेड ऑक्साइड, वर काळ्या रंगाचे दोन हात. रंगवताना अर्थिंगची पट्टी सोडली होती आणि वाळल्यावर त्या गुळगुळीत रंगावरच पुन्हा आवळून टाकली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी निसटत होती, तेवढ्यावर आमची जीप कशीबशी चालू होत होती. पावसाळ्याच्या ओलीत तेही गंजत गेले.

मी अब्बांना सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "गाडी जपायलाच केलं होतंस ना? मग झालं. जंपर वायर आण."

लॉजवाल्याकडे जंपर वायर होती. काळ्या वायरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडी कानाला लावले. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर. हीटरवर वीस मोजले आणि चावी फिरवली. सेल्फ असा काही फिरला की मी दचकलो. इंजिन तिसऱ्या फेऱ्यालाच धडधडू लागले. मागून अम्मी म्हणाली, "शुक्र आहे अल्लाहचा. चला आता."

"बंद कर," अब्बा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. सात वाजून पाच मिनिटे झाली होती.

"अब्बा, आता चालू झालीय तर अशीच नेऊ."

"वायर लोंबकळत घाट उतरणार? रोग कळला, आता इलाज कर. पंधरा मिनिटं लागतील. बंद कर."

चालू झालेले इंजिन स्वतःच्या हाताने बंद करणे मला त्या सकाळी सर्वांत अवघड गेले. बॅटरीची ऋण बाजूची तार आधी काढली आणि मी सतरंजी अंथरून गाडीखाली शिरलो. बोल्ट सोडवला. पट्टीचे एक टोक हिरवे पडले होते. पॉलिश पेपरने ते तांब्याचा रंग दिसेपर्यंत घासले आणि चेसिसवरचा माझाच काळा रंग रुपयाएवढ्या गोलात खरवडून खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढला. मग पट्टी बसवून पाना लावून आवळली. मुलगा मोबाइलचा उजेड धरून बसला होता. बाहेर येऊन बॅटरीची तार लावली.

या वेळी मीटरने ०.१५ दाखवले. जीप अर्ध्या घर्रमध्ये सुरू झाली.

*

केळघर घाट उतरून मेढा आणि तिथून सातारा. पावणेदहाला पोहोचलो. अब्बांनी हात धुतले, शेरवानी चढवली आणि अकरा वाजता ते काझीसाहेबांच्या शेजारी वली म्हणून बसले. त्यांच्या उजव्या हाताच्या नखांत काळे वंगण राहून गेले होते. भाभीने ते पाहिले आणि विचारले. मी सांगितले. ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. भाऊ असते तर तेही गाडीखालीच शिरले असते, असे ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर अब्बांकडून जे ऐकले आणि नंतर स्वतः करून पाहिले, ते थोडक्यात सांगतो.

सुरू होण्याचा त्रास असेल तर पैसे घालण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. त्रास कधीपासून, आणि त्याच्या आधी गाडीला काय केले? मग पाहावे की इंजिन हळू फिरते आहे की जोरात फिरूनही पेटत नाही. जोरात फिरून पेटत नसेल तर धूर पाहावा. पांढरा धूर असेल तर हीटर प्लग तपासावेत. धूरच नसेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे का, फिल्टर चोंदला आहे का, ते पाहावे. सगळे ठीक असूनही पेटत नसेल, तर इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी झालेले असू शकते आणि ते काम जाणत्या मेकॅनिकचे आहे.

इंजिन हळू फिरत असेल तर बॅटरीपासून सुरुवात करावी. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ लागली तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवे, नाहीतर बॅटरी भरतच नाही, दोष अल्टरनेटरकडे आहे. बॅटरी ठीक असेल तर तारा पाहाव्यात. सेल्फ मारताना ऋण टोक ते इंजिन यांत ०.२ ते ०.३ आणि धन टोक ते सेल्फ यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. हे सगळे चांगले असूनही सेल्फ जड फिरला, तरच सेल्फ उतरवावा. मी नेमके उलट्या क्रमाने गेलो होतो. महाग वस्तू आधी बदलली आणि फुकटात दुरुस्त होणारी जागा शेवटी पाहिली.

थंडी नवा रोग देत नाही, असलेला उघडा पाडते. शून्य अंशाजवळ बॅटरीची ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटते आणि इंजिनातले ऑइल घट्ट होते. बाणकोटच्या उकाड्यात जे दुखणे घर्र घर्र करत निभावून जात होते, ते महाबळेश्वरच्या एका पहाटेने दाखवून दिले.

समुद्राकाठच्या वाचकांनी तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, बॅटरीची टोके आणि अर्थिंगची जागा उघडून पाहावी. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसावी, कोरडी करावी, लोखंडाला लोखंड नीट टेकवून आवळावे आणि मगच वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावावे. बॅटरीची ऋण तार काढताना आधी काढावी, लावताना शेवटी लावावी. हातातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. हीटर प्लगच्या गाडीत इंजिन लवकर पेटावे म्हणून कसलाही स्प्रे मारू नये, तो तापलेल्या प्लगवर भडकतो. आणि उतारावरून गाडी ढकलून सुरू करताना हे विसरू नये की इंजिन बंद असताना ब्रेक जड होऊ शकतो. घाटात तो खेळ जिवावर बेतेल.

खेडच्या गिऱ्हाइकाला मी फोन करून खरे काय होते ते सांगितले. तो म्हणाला, मग चार हजार वाढवून देतो. मी अब्बांकडे पाहिले. त्यांनी काहीच म्हटले नाही, ते मीटर कापडाने पुसून नातवाच्या दप्तरात ठेवत होते. मी त्या माणसाला सांगितले की एवढ्यात विचार नाही.

२०१९ चे पासिंग झाले. मशिदीजवळच्या उतारावर आता जीप नसते, ती आमच्या अंगणात सपाट जागेवर उभी असते. सकाळी धक्का मारायला जमणारी मुले काही दिवस येऊन विचारत राहिली, "चाचा, आज बंद नाही पडली?" मी नाही म्हणालो की त्यांची तोंडे उतरायची. मग अब्बा त्यांना जीपमध्ये बसवून वेसवीच्या धक्क्यापर्यंत नेऊन आणायचे. तिथे इंजिन बंद करून फेरीबोट दाखवायचे आणि सांगायचे, हे पाणी जिथून निघते ते मी पाहिले आहे, इतके बारीक असते तिथे, आणि परतताना चावी फिरवायचे.